‘महागाई घटली’ म्हणजे नेमकं काय घटलं?

मूळ प्रश्न

मी गेली अकरा वर्षं बातम्यांचं मुद्रितशोधन करते. दर महिन्याच्या १२ तारखेच्या सुमारास किरकोळ किमतींचा निर्देशांक जाहीर होतो आणि दोनपैकी एक मथळा माझ्यासमोर येतो: ‘महागाई वाढली’ नाहीतर ‘महागाई घटली’. व्याकरणाची चूक नसते, म्हणून मी पुढे सोडते. मागे एकदा आईनं सकाळी असाच मथळा वाचला आणि विचारलं, “मग गोडेतेलाचा डबा कितीनं उतरला?” म्हटलं, उतरला नाही, उलट थोडा चढलाच आहे. “मग घटलं काय?” मला चटकन उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून हा शब्द खटकतो आहे. इन्फ्लेशनसाठी ‘महागाई’ वापरणं बरोबर आहे का? पाठ्यपुस्तकांत ‘चलनवाढ’ असतं, काही जण ‘भाववाढ’ लिहितात. यातला कोणता शब्द धरावा?

कोल्हापूरहून

ताई, तुमच्या आईंचं बरोबर आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो आणि दरवर्षी वर्गात नेमका हाच घोटाळा होतो.

‘महाग’ हा संस्कृत ‘महार्घ’वरून आलेला शब्द. ज्याचं मोल मोठं, ते महाग. त्याला ‘आई’ लागून महागाई, आणि तिच्या उलट स्वस्ताई. हे दोन्ही शब्द स्थिती सांगतात: वस्तू महाग असण्याची किंवा स्वस्त असण्याची. इन्फ्लेशन हा मात्र वेग आहे, किमती वर्षभरात किती टक्क्यांनी चढल्या त्याचा. गाडी ताशी ऐंशीवरून चाळीसवर आली तरी पुढेच जात असते. स्थितीचा शब्द वेगाला लावला, की ‘घटली’ म्हणताच वाचणाऱ्याला स्वस्ताई दिसू लागते.

फळ्यावर मी हे आकडे मांडतो. एप्रिल २०२२मध्ये हा दर ७.७९ टक्के होता. पुढच्या एप्रिलमध्ये ४.७०, त्याच्या पुढच्या ४.८३ आणि एप्रिल २०२५मध्ये ३.१६. दर निम्म्याहून खाली आला. आता एप्रिल २०२१मध्ये १०० रुपयांना मिळणारी पिशवी घ्या. हे चार दर एकावर एक चढवले की तीच पिशवी एप्रिल २०२५मध्ये १२२ रुपयांची होते. आई मोजते ते हे १२२, आणि मथळा बोलतो ३.१६विषयी.

गंमत म्हणजे आपल्याकडे एका ठिकाणी हा शब्द अगदी बिनचूक बसलाय: महागाई भत्ता. तो निर्देशांकाच्या पातळीला बांधलेला असतो. जानेवारी २०२५पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांचा भत्ता ५३वरून ५५ टक्के झाला, तेव्हा बातम्यांत महागाई ‘घटत’ होती! दर उतरला म्हणून कुणाचा भत्ता कापला नाही, कारण महागाई होती तिथेच होती, किंबहुना चढलेली होती.

म्हणून माझं मत ‘भाववाढ’. ‘चलनवाढ’ मला नको वाटतं, कारण त्या शब्दात कारण आधीच ठरवून टाकलंय: चलन वाढलं, म्हणून भाव चढले. २०२२च्या वसंतात युक्रेनमधल्या युद्धानं सूर्यफूल तेलाचा पुरवठा तुटला, एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात थांबवली. डबा महागला तो यामुळे. त्याला ‘चलनवाढ’ म्हणणं म्हणजे तपासण्याआधी रोगाचं नाव सांगणं.

पुण्याहून

सर, मी बँकेतून निवृत्त झालोय, ‘चलनवाढ’ची बाजू थोडी मांडतो. रिझर्व्ह बँकेनं मे २०२२मध्ये, नियोजित बैठक नसताना, रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजानं उसने पैसे देते तो दर, ४ टक्क्यांवरून ४.४० केला आणि फेब्रुवारी २०२३पर्यंत तो ६.५०वर नेला. तिच्यावर भाववाढ ४ टक्क्यांवर, फार तर दोन टक्के वरखाली, ठेवायची कायद्यानं जबाबदारी आहे. सलग तीन तिमाही ते जमलं नाही, म्हणून सरकारला लेखी कारणं द्यावी लागली. ती बँक सूर्यफूल पिकवू शकत नाही. तिच्या हातात फक्त पैसा किती महाग करायचा एवढंच आहे. पैशाच्या बाजूनं बघणाऱ्याला ‘चलनवाढ’ हाच शब्द हाताशी लागतो.

पण वर्तमानपत्रात तो नको, हे मान्य. बाजारात मोजला जातो तो भाव. मोजल्या गोष्टीचं नाव ‘भाववाढ’च हवं. आपले जुने लोक धान्याचा भाव ‘रुपयाला इतके शेर’ असा सांगत. त्यात रुपयाचंच मोल कळायचं. ती पद्धत राहिली असती तर हा प्रश्न पडलाच नसता.

लातूरहून

आमची अडत आहे. तुम्ही ‘मंदी’चंही बघा. आमच्याकडं तेजी-मंदी मालाला असते. ‘सोयाबीन मंदीत आहे’ म्हणजे भाव पडलाय. पेपरात ‘मंदीत महागाई’ छापून आलं की सौद्याला बसलेल्या शेतकऱ्याला उलगडत नाही, कारण त्याच्या लेखी मंदी म्हणजेच स्वस्ताई. आणि २०२०च्या एप्रिल ते जूनचे आकडे आले तेव्हा ‘विकासदर उणे २३.९’ असं वाचलं. उणे विकास कसला? देशाचं उत्पादन जवळपास पाव हिश्शानं घटलं, असं लिहा की. माझ्या हमालालाही कळेल.

कोल्हापूरहून

दादा, ‘विकासदर’वर माझाही राग आहे. उत्पादन वाढणं वेगळं, विकास वेगळा. अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९३४मध्ये अमेरिकेच्या काँग्रेससाठी राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब मांडला, त्याच अहवालात बजावलं होतं की या आकड्यावरून राष्ट्राचं कल्याण ताडता येणार नाही. हिशेब मांडणाराच सांगतोय, आणि आपण शब्दातच ‘विकास’ घालून बसलोय. ‘वाढीचा दर’ पुरेसा आहे.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. कालच वेळ आली. ‘महागाई घटली’ खोडून ‘भाववाढीचा वेग कमी झाला’ केलं, तर एका स्तंभात बसेना. ‘भाववाढ मंदावली’ बसत होतं, पण लातूरच्या दादांची मंदी डोळ्यापुढे आली. ‘ओसरली’ लिहिलं आणि पुसलं. पूर ओसरला की पाणी खाली जातं, इथे तसं झालेलं नाही. शेवटी ‘भाववाढ संथ’ ठेवलं. सकाळी आईला वाचून दाखवलं.

“म्हणजे वाढतंच आहे ना?” ती म्हणाली आणि वाण्याची यादी लिहायला बसली.