लक्षद्वीप क्रूझमधला बीचचा दिवस: आई, सासरे, पोरं, सगळ्यांना घेऊन उतरायचं कसं?

टिळकवाडीकर

नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत मुंबईहून लक्षद्वीपच्या क्रूझला जायलोय. आम्ही दोघं, दोन पोरं (मोठी दुसरीला, धाकटा अजून शाळेत न जाणारा), माझी आई आणि अगदी शेवटी हो म्हणालेले सासरे. बोटीवर काय काय आहे ते एजंटनं पाठ म्हणून दाखवलं, पण मधे जो एक दिवस अगत्ती बेटावर उतरायचं आहे त्याबद्दल विचारलं की "सर एकदम मस्त बीच हाय" ह्याच्या पुढं गडी जात नाही.

आमचा बीच म्हणजे काय, पहाटे बेळगावातनं निघायचं, चोर्ला घाट उतरून गोव्याला जायचं, गाडी पाण्याजवळ लावायची, डिकीत चटई, कडक भाकरी, शेंगाची चटणी, पाण्याचा कॅन, आणि धाकटा किरकिरला की एसी लावून मागच्या सीटवर झोपवायचा. इथं गाडी नाही, डिकी नाही, मोठी बोट म्हणे लांब समुद्रातच उभी राहते आणि तिथनं लहान बोटीत बसवून नेतात. आईचे गुडघे दुखतात, जिना चढते पण कठड्याला धरून. बायको म्हणत्याय आईंना बोटीवरच राहू दे, आई म्हणत्याय पैसे माझेपण भरलेत तर मी का म्हणून वर बसू. सासरे काहीच म्हणत नाहीत, त्याचीच जास्त भीती.

कोणी जाऊन आलंय का? आईला उतरवणं झेपेल का, पोरांना ऊन किती लागेल, आणि खाण्याचं काय करायचं, तेवढं सांगा की.

शहापूर_गल्ली

आम्ही आईबाबांना घेऊन जाऊन आलोय, म्हणून जरा लांबण लावतो, बघा.

अगत्तीच्या भोवती प्रवाळाची भिंत आहे आणि आतलं पाणी उथळ, त्यामुळं मोठी बोट जवळ येऊच शकत नाही, बाहेर नांगर टाकून उभी राहते. मग तिच्या पोटातलं पाण्यालगतचं दार उघडतात आणि बेटावरच्या लहान बोटी येऊन त्या दाराला लागतात. आता खरी गोष्ट इथं आहे. लाटेबरोबर लहान बोट वर येते, खाली जाते, दार मात्र जागेवरच. दारात दोन खलाशी, बोटीत दोन. ते हात धरत नाहीत, कोपराच्या खाली मनगटाजवळ धरतात आणि आपण पण त्यांचं मनगट धरायचं, म्हणजे घामानं हात निसटत नाही. बोट वर आली की ते "चलो" म्हणतात, तेव्हा एक पाऊल टाकायचं. उडी नाही मारायची, खाली बघत उभं पण नाही राहायचं. ज्यांनी मागंपुढं केलं तेच लटपटले. आमच्या बाबांनी एका हातात पिशवी धरली होती, खलाशानं ती आधी काढून घेतली आणि मगच त्यांना घेतलं.

तर आईंचं म्हणाल तर, कठड्याला धरून जिना चढणाऱ्या बाईला हे जमतं, पण दोन अटी. एक, साडी नको, त्यांना पंजाबी ड्रेसला राजी करा, पाऊल मोठं टाकावं लागतं आणि निऱ्या ओल्या झाल्या की पायात येतात. दुसरं, सकाळच्या पहिल्या दुसऱ्या बोटीनं जा. तेव्हा गर्दी कमी, खलाशी पण निवांत असतात, दुपारनंतर वारं सुटलं की पाणी जास्त हलतं. परत यायला शेवटची बोट धरू नका, शेवटी सगळेच येतात आणि उन्हात रांग लागते.

आणि हे पक्कं डोक्यात ठेवा, समुद्र खवळला तर कॅप्टन उतरणं रद्द करतो. त्यावर कोणाचं काही चालत नाही. पोरांना आधीपासून "बीच बीच" करून ठेवू नका म्हणजे झालं.

खानापूर_मेडिकल

दुकानात बसून लिहायलोय त्यामुळं मधे मधे तुटेल.

ऊन. बेळगावात डिसेंबरात स्वेटर घालून फिरणारी माणसं आपण, थंडीतलं ऊन म्हणजे अंगणात बसून शेकायचं. तिथलं ऊन तसं नाही. अगत्ती आपल्यापेक्षा पाचेक अंश दक्षिणेला, आणि वाळू गोव्यासारखी पिवळी नाही, प्रवाळाचा चुरा, पांढरीशुभ्र. कोरडी वाळूच १५ टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकते, आणि पाण्यात अर्धा मीटर खाली गेलं तरी त्यातली ४० टक्के पोचतात, म्हणजे पोरगं गळ्याएवढ्या पाण्यात आहे म्हणून वाचलं असं नाही. वारं असतं म्हणून चटका जाणवत नाही, रात्री आंघोळीला पाणी अंगावर घेतलं की कळतं.

पोरांना पूर्ण बाह्यांचे पोहायचे टीशर्ट घ्या, मानेवर पडदा असलेली टोपी घ्या, ह्यानंच अर्धं काम होतं. उरलेल्या अंगाला एसपीएफ ५० चं सनस्क्रीन, बोटीतनं निघायच्या आधी लावा, उतरल्यावर नाही, आणि दर दोन तासांनी परत, पाण्यातनं बाहेर आले की पुसून परत. लावतात तेवढ्याच्या दुप्पट लावायचं असतं, ट्यूब वर्षभर पुरवायची नसते ओ. झिंक ऑक्साइडवालं मागा. चेहरा पांढरा दिसतो पण प्रवाळाला त्रास कमी. हवाईमध्ये तर २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन (प्रवाळाला बाधणारं रसायन) असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीलाच बंदी आहे.

उलटीचं. अव्होमिन सगळ्यांच्या घरात असतं म्हणून सगळ्यांना एक एक देऊ नका. झोप येते, आणि झोपेत असलेल्या माणसाला त्या हलत्या बोटीत पाऊल टाकायला लावणं बरोबर नाही. आईंना काचबिंदू किंवा सासऱ्यांना प्रोस्टेटचा त्रास असेल तर ती गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच, आणि पोरांचा डोस बालरोगवाल्यांकडनंच घ्या. केबिन अजून ठरायची असेल तर खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्यभागी मागा, तिथं हलणं कमी. वरच्या बाल्कनीच्या खोलीला जास्त पैसे घेतात आणि हलते पण तीच जास्त.

बीपी शुगरच्या गोळ्या दोन ठिकाणी ठेवा, थोड्या तुमच्याजवळ थोड्या आईंजवळ. बेटावर ऐनवेळी आपल्या कंपनीची गोळी मिळेलच असं धरून चालू नका.

निपाणीचा_पाहुणा

राग मानू नका दादा पण सहा माणसांचे एवढे पैसे घालून हातात काय तर बेटावर काही तास. सकाळी उतरायचं, दुपारी परत. त्यात अर्धा वेळ रांगेत.

समुद्रच बघायचा असेल तर लक्षद्वीपच्या टुरिझम खात्याचं 'समुद्रम' पॅकेज बघा. कोचीहून एम. व्ही. कवरत्ती बोट, रात्री बोटीवर झोपायचं आणि दिवसा बेटावर, कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय अशी तीन बेटं. मिनिकॉयला इंग्रजांनी १८८५ साली बांधलेलं दीपगृह आहे. जेवण बेटावरच देतात. स्विमिंग पूल, कॅसिनो, नाचगाणी काही नाही, पण बीच म्हणून विचाराल तर हिशेब हाच बरा पडतो. कोचीला जायला आपली पुणे एर्नाकुलम पूर्णा एक्स्प्रेस बेळगाव, लोंढा करूनच जाते, आठवड्यातनं एकदा.

शहापूर_गल्ली

निपाणीकर, बुकिंग झालंय त्यांचं. आणि तुमच्या त्या बोटीतनं पण लहान बोटीतच उतरावं लागतं की, रोज, तीनदा. गुडघेदुखीवाल्या आईंना एकदा जमवायचं का तीनदा?

निपाणीचा_पाहुणा

तेपण हाय म्हणा.

वडगावची_सून

सगळ्या भाऊ लोकांनी बोट आणि गोळ्या सांगितल्या, पोरांचं कोणी बोललं नाही.

ताई असतील तर त्यांना दाखवा हे. आतलं पाणी म्हणजे तळ्यासारखं शांत, गोव्यासारख्या लाटा नाहीत, ओहोटीला तर लांबपर्यंत गुडघाभर. धाकट्यासाठी सोन्यासारखी जागा. पण तळाला प्रवाळाचे तुकडे, पाय कापतात आणि ती जखम लवकर भरत नाही, त्यामुळं अनवाणी सोडायचं नाही, चप्पल पण नको कारण वाहून जाते, मागनं पट्टा असलेले रबरी सँडल किंवा पाण्यातले बूट. आणि शिंपले, प्रवाळ काही उचलायचं नाही, पोरांना आधीच सांगून ठेवा. प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, परत जाताना पिशव्या तपासतात, आणि तेव्हा पोरीच्या हातातनं काढून घेतलं की ती मुंबईपर्यंत रडणार.

मोठीला मासे बघायचे असतील तर स्नॉर्कलचा (पाण्यात तोंड घालून नळीनं श्वास घ्यायचा) मास्क आत्ताच आणा आणि गोवावेसच्या पूलला सराव करा, तेवढं नसेल तर बादलीत तोंड घालून. पोरं पाण्याला भीत नाहीत ओ, नाक बंद ठेवून तोंडानं श्वास घ्यायला भितात, ती सवय घरी लागली तर तिथला वेळ वाया जात नाही. काच धुरकट होते, आतनं थुंकी लावून विसळा, घाण वाटतं पण तेच चालतं. लाइफ जॅकेट अंगावर हवंच, आणि पोटभर जेवून लगेच पाण्यात नाही.

खाणं. घरचं शिजवलेलं बऱ्याच बोटी चढू देत नाहीत, तुमच्या तिकिटाच्या नियमात बघा. सीलबंद पाकीट सहसा चालतं. आम्ही भडंग आणि करदंट (गूळ-सुक्यामेव्याची वडी) नेलं होतं, करदंट उन्हात चिकट होतो पण पोटाला आधार होतो. बेटावर शहाळी मिळतात, टुना मासा सगळीकडं, शाकाहारी असाल तर बोटीवरच न्याहारी दाबून करा. पाणी माणशी जेवढं वाटतं त्याच्यापेक्षा जास्त न्या. सुटे पैसे ठेवा, फोनवर पैसे द्यायच्या भरवशावर जाऊ नका. बेटावरची वस्ती मुसलमान आहे, गावातनं जाताना ओल्या पोहायच्या कपड्यांवर फिरू नये, एखादी ओढणी नाहीतर पंचा बरोबर असू दे. दारूबंदी पण आहे, सासऱ्यांना सांगून ठेवा.

आता आईंचं. बीचच्या दिवशी सगळं जग खाली उतरतं आणि वरची बोट मोकळी होते. जो पूल रोज माणसांनी भरलेला असतो तो रिकामा, लिफ्टला रांग नाही, जेवायला जागा धरायला नको. आमच्या सासूबाई वर राहिल्या, पाय पाण्यात सोडून निवांत बसल्या, चार जणी मिळाल्या, पाचवी आमच्याच खडेबाजारच्या दुकानदाराची बहीण निघाली. आम्ही परत आलो तर आम्हालाच म्हणाल्या लवकर का आलात. त्यामुळं वर राहणं म्हणजे शिक्षा नाही, पण "तुम्ही वर बसा" असं सुनेनं सांगायचं नाही, मुलानं सांगायचं. हे मात्र लिहून ठेवा.

टिळकवाडीकर

अहो केवढं सांगितलंत सगळ्यांनी, आभार.

घरी वाचून दाखवलं. आई खलाशी मनगट कसं धरतात ते दोनदा विचारली, मग सोफ्यावरनं उठून चौरंगावर पाऊल टाकून बघितली आणि म्हणाली मी उतरणार, ड्रेस शिवायला टाका. म्हणजे ते ठरलं. पहिल्या बोटीनं जातो, दुपारच्या आत परत. धाकटा थकला तर बायको त्याला घेऊन आधीच्या बोटीनं वर जाईल, तेवढा रिकामा पूल तिला पण मिळेल, ती तर आत्तापासूनच त्याच्या बाजूनं झालीय. केबिन खालची मधली मागितली, एजंट म्हणाला बघतो.

एकच राहिलं, परमिटचं कसं?

शहापूर_गल्ली

लक्षद्वीपला परमिट लागतंच, आपल्या भारतीयांना पण. क्रूझवाले सगळ्यांचं मिळून काढतात, पण कागद आपणच वेळेत द्यायचे. आधार, फोटो, पोरांचे जन्मदाखले. आधारवरचं नाव आणि तिकिटावरचं नाव अक्षर न अक्षर एक आहे का आजच बघा, आपल्याकडं एका कागदावर कन्नड उच्चारानं स्पेलिंग आणि दुसऱ्यावर मराठी, आडनावातला एक ए जास्त, असं घरोघरी असतं. आणि मुंबईला आदल्या दिवशीच पोचा. त्याच सकाळची गाडी धरू नका, बोट कोणासाठी थांबत नाही.

खानापूर_मेडिकल

सासऱ्यांचं काय ठरलं? त्यांना कोणी विचारलं का नाही?

टिळकवाडीकर

विचारलं की. रिकाम्या बोटीत रमीला चौथा गडी मिळेल का म्हणून उलट मलाच विचारायलेत.