सांगलीतून विचारतेय: पीएचडीचा गाईड निवडताना एच-इंडेक्सला किती किंमत द्यायची?

विश्रामबागची_बायोकेम
नमस्कार मंडळी. एमएस्सी बायोकेम झालंय, जेआरएफ (पीएचडीसाठीची फेलोशिप) आलीय, आता दोन ठिकाणहून गाईडचा होकार आलाय आणि डोकं गरगरायला लागलंय. एक सर पुण्यातले, मोठी लॅब, गूगल स्कॉलरवर (पेपर शोधायची साइट) एच-इंडेक्स, म्हणजे पेपर नि त्यांचे सायटेशन यावरून काढलेला आकडा, ३८, सायटेशन (इतर पेपरांत घेतलेले संदर्भ) ९ हजारांच्या वर, शिवाय ते जगातल्या टॉप दोन टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत पण आहेत, पेपरात फोटो आलेला. दुसऱ्या एक मॅडम, कॅन्सर सेल्सवर काम, स्वतःची लॅब अलीकडेच काढलीय, एच-इंडेक्स ११. मामा म्हणतात अगं ३८ कुठं नि ११ कुठं, विचार कसला करतेस. पण मॅडमचे पेपर वाचले की काम काय चाललंय ते कळतं आणि सरांचं डायबेटिसपासून नॅनोपार्टिकलपर्यंत सगळंच आहे, कुठून धरायचं तेच कळेना. हे आकडे बघायचे कसे? मिरजेत ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले प्रमोशनला लागतात तेवढे पेपर झाले की आम्ही मोकळे 😀

कराडचे_मास्तर
आधी अभिनंदन पोरी. आता ऐक. एच-इंडेक्स हिर्श नावाच्या फिजिक्सवाल्यानं २००५ ला काढला. समज पाच पेपर आहेत, त्यांना ४०, २२, ९, ४ आणि १ सायटेशन, तर एच झाला ४, कारण चार पेपरना किमान चार-चार आहेत. आता पहिल्या पेपरचे ४० च्या जागी ९०० कर, एच तरी ४ च. म्हणजे एखादं खरंच मोठं काम त्यात दिसतच नाही. आणि हा आकडा कधी खाली येत नाही, माणूस रिटायर होऊन शेतात बसला तरी वाढतच राहतो, त्यामुळं पंचवीस वर्षं काम केलेल्या सरांचा ३८ आणि नव्या मॅडमचा ११ शेजारी ठेवून काय कळणार? हिर्शनं स्वतःच एच भागिले करिअरची वर्षं असा हिशोब सुचवला होता, तो करून बघ.

दुसरं, सायटेशन म्हणजे शाबासकी नव्हे. तू प्रॅक्टिकलला लॉरी मेथडनं प्रोटीन मोजलंच असशील, तो निळा रंग. तो १९५१ चा पेपर, ३ लाखांच्या वर सायटेशन, आणि लॉरी स्वतःच म्हणायचे की तो काही थोर पेपर नाही. पद्धत सगळ्यांना लागते म्हणून सगळे नाव घेतात, एवढंच. आणि उलटं बघ, लस घेतल्यानं ऑटिझम होतो असं सुचवणारा वेकफिल्डचा १९९८ चा लॅन्सेट या मेडिकल जर्नलमधला पेपर, २०१० ला मागे घेतला गेला, तरी त्याला सायटेशन बक्कळ, त्यातले कितीतरी नुसते खोडून काढणारे. आकड्यात दोन्ही सारखेच मोजले जातात.

ग्रंथालयवाली_सातारा
मास्तरांशी सहमत, पण आमच्या बाजूनं थोडं. गूगल स्कॉलर सगळंच उचलतं, थीसिस, कॉन्फरन्सची पुस्तिका, काही म्हणजे काही, त्यामुळं तिथला एच स्कोपसपेक्षा (निवडक जर्नलांचाच डेटाबेस) बहुतेक वेळा फुगलेला. त्यात आपल्याकडं पाटील. एस. पाटील म्हणून शोध, अख्खा सांगली जिल्हा येतो! एका प्रोफाइलमध्ये ब्रेस्ट कॅन्सरच्या पेपरांच्या मधोमध द्राक्षावरच्या डाऊनी रोगाचा पेपर बघितलाय मी, दुसऱ्याच कुणातरी पाटलांचा, आणि त्याचे सायटेशन बिनदिक्कत ह्यांच्या बेरजेत. म्हणून ऑर्किड नंबर (ORCID, प्रत्येक संशोधकाचा स्वतःचा वेगळा नंबर) असेल तर त्यावरून बघायचं.

टॉप दोन टक्केचं पण सांगते कारण दरवर्षी बातम्या येतात. ती स्टॅनफर्डच्या इओनिडिसांच्या टीमची यादी, डेटा स्कोपसचा, त्यात दोन वेगळ्या याद्या असतात, एक अख्ख्या करिअरची, एक फक्त एका वर्षाची. बातमीत कुठली ते बहुतेक वेळा लिहीतच नाहीत. फाईल सगळ्यांना खुली आहे, त्यात स्वतःच स्वतःला केलेल्या सायटेशनचं प्रमाण पण दिलेलं असतं, तो कॉलम आधी बघ हो.

तासगावचा_राजा
लई विचार करू नको ताई. ३८ वाला घे. पुढं नोकरीला गाईडचं नावच चालतंय, बाकी सगळं बोलायचं.

पाटणचा_एमओ
राजाभाऊ, नाव चालतं हे खरं आहे, नाकारत नाही. पण आकड्यांत न दिसणारं काम पण असतं राव. आपला महाबळेश्वरचा आंबेनळी घाट उतरला की पोलादपूर, पुढं महाड. तिथं डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचवावर काम केलं, १९८२ ला लॅन्सेटमध्ये छापून आलं, पुढं प्राझोसिन ही बीपीची गोळी विंचूदंशाला वापरून दाखवली, २०११ ला बीएमजे या मेडिकल जर्नलात त्यांची ट्रायल आली. पूर्वी तांबड्या विंचवाचे दहातले तीन-चार पेशंट दगावायचे ते शंभरात एखाद्यावर आलं. आता लाल विंचवावर जगात अभ्यास करणारे मोजकेच, मग सायटेशन करणार कोण? आमच्याकडं रात्री दोनला घामानं थबथबलेला, हातपाय गार पडलेला पेशंट येतो तेव्हा ती गोळी देणारा मेडिकल ऑफिसर काही पेपर लिहीत नाही, सायटेशन कुठून पडणार.

कराडचे_मास्तर
वा डॉक्टर, बरी आठवण काढली. पोरी, एक काम कर. सरांचे सगळ्यात जास्त सायटेशनवाले दहा पेपर उघड आणि नाव कुठं आहे ते बघ. आपल्या क्षेत्रात पहिलं नाव काम करणाऱ्याचं, शेवटचं लॅब चालवणाऱ्याचं. जगभरातल्या आजारांचा हिशोब मांडणाऱ्या ग्लोबल बर्डन ऑफ डिसीजसारख्या पेपरला शेकड्यानं नावं असतात आणि सायटेशन हजारांत, मधल्या गर्दीतल्या प्रत्येकाच्या खात्यात ते सगळे जमा.

विश्रामबागची_बायोकेम
बघितलं काल रात्री बसून. सरांच्या वरच्या दहातले चार तसलेच आहेत, नाव शोधायला कंट्रोल एफ मारावं लागलं. तीन रिव्ह्यू, म्हणजे दुसऱ्यांच्या कामाचा आढावा. शेवटचं नाव त्यांचं असलेले तीनच, ते पण दहा वर्षांपूर्वीचे, पण ते मात्र खरंच भारी आहेत, एन्झाइम कायनेटिक्सचा एक तर आम्हाला क्लासमध्ये शिकवलेला. मॅडमच्या ११ मधले बहुतेक सगळे पहिलं किंवा शेवटचं नाव. मामांना दाखवलं तर म्हणे मग हे लोक आकडे छापतातच कशाला.

ग्रंथालयवाली_सातारा
मामांना नमस्कार सांग 😄 आता शोधगंगावर (भारतातल्या थीसिसची साइट) जा, गाईडच्या नावानं शोध, कुणाकुणाचे थीसिस जमा झालेत, त्यांच्या पहिल्या नावाचे पेपर निघाले का, ते पबमेडला (मेडिकल-बायोच्या पेपरांची साइट) टाकून बघ. नव्या मॅडमकडं अजून कुणी पूर्ण केलेलं नसेल, ते चालतंय, पण मग आता जे लॅबमध्ये आहेत त्यांना फोन कर. पबपीअर या साइटवर दोघांचीही नावं टाक, कुठल्या ब्लॉटच्या (प्रोटीनच्या पट्ट्यांच्या) फोटोवर कुणी शंका काढलीय का ते तिथं असतं.

तासगावचा_राजा
आणि फेलोशिपचे पैसे वेळेवर निघतात का ते पण विचार त्या पोरांना. माझ्या मित्राचे आठ-आठ महिने अडकायचे, सही गाईडकडं पेंडिंग. त्याला एच-इंडेक्स काय करणार.

विश्रामबागची_बायोकेम
हे कुणीच सांगितलं नव्हतं! मॅडमच्या लॅबमधल्या एकीचा नंबर मिळालाय, इस्लामपूरचीच निघाली, रविवारी बोलतेय. सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याला मेल टाकलाय.