मदत हवी आहे: कराटे क्लासचा लोगो फ्लेक्सवर भारी, ड्रेसवर नुसता गोळा

मंडळी, जुळे सोलापुरात भावाचा कराटे क्लास आहे, त्याचा लोगो मी केलाय, कोरलड्रॉमध्ये, म्हणजे व्हेक्टर फाइल आहे (कितीही लहान-मोठी केली तरी रेषा फाटत नाहीत), जेपीजी नाही. गोलात मूठ, मागं सिद्धेश्वर मंदिराचं शिखर, कडेनं क्लासचं पूर्ण नाव देवनागरीत. फ्लेक्सवर झकास दिसतोय, पण ड्रेसच्या छातीवर ३ इंचाचा बिल्ला मशीन एम्ब्रॉयडरीनं करून बघितला तर वेलांट्या न् अनुस्वार सगळं एकात एक, 'क्लास'मधला जोडाक्षराचा 'क्ल' तर चक्क बुजलाच.

रंग ७ वरनं ३ केले, शिखरावरची बारीक नक्षी काढली, फॉन्ट जाड केला. जाड केल्यावर अक्षरांतल्या मोकळ्या जागाच भरल्या, उलटं झालं. भाऊ म्हणतो जपानी अक्षरं टाक, पण वाचता येत नाहीत ती छातीवर कशाला ओ?

ड्रेस ४० आहेत, सगळे पांढरे. ते रोज धुतले जाणार म्हणून स्टिकर प्रिंट नको.

भरतकामात देवनागरी अक्षर कमीत कमी किती मिलिमीटर उंच ठेवता? की बिल्ल्यावर नाव काढून नुसती मूठ न् शिखर ठेवू आणि नाव पाठीवर मोठं घेऊ?