‘ऋण’ आरएनएला दुसरा शब्द हवाय

भाषांतरवाली: दहावीच्या मुलांसाठी विषाणूंवर लेख करतेय. पोलिओ, डेंगी, करोना यांचा आरएनए (म्हणजे विषाणूची जनुकीय माहिती असलेला रेणू) पेशीत शिरला की रायबोसोम, म्हणजे पेशीतले प्रथिनं बनवणारे कारखाने, तो थेट वाचतात, प्रथिनं बनू लागतात. गोवर, रेबीज, फ्लूचा तसा वाचताच येत नाही; आधी त्याची पूरक प्रत काढावी लागते. मी पहिल्याला धन, दुसऱ्याला ऋण लिहिलं. भाचा विचारतो, “मावशी, ऋण म्हणजे रिपोर्ट निगेटिव्ह?”

सुईदोरा: सुलट आणि उलट! विणकामातले टाके घरोघरी माहीत असतात.

लॅबमधला: छान आहे, पण एचआयव्हीला काय करणार? त्याचा आरएनए सुलट जातीचाच. तरी त्यावरून आधी डीएनए बनतो. त्याला ‘उलट प्रतिलेखन’ म्हणतात. सुलट आरएनएचं उलट प्रतिलेखन! मुलं पळतील.

शुद्धमती: मुळात ‘प्रतिलेखन’च खटकतं. प्रतिलेखन म्हणजे नक्कल, प्रतिकृती म्हणजेही नक्कल. फरक काय?

लॅबमधला: गोवरात एकच विकर दोन्ही करतं. प्रतिलेखन करताना ते जनुकागणिक थांबतं, प्रथिनं बनवण्यासाठीचे सुटे संदेश काढतं. विषाणूचं एन प्रथिन पुरेसं साचलं, की त्याच थांब्यांकडे दुर्लक्ष करून सलग अख्खी प्रत काढतं. ती प्रतिकृती. आणि आरएनएवरून आरएनए काढणारं असं विकर आपल्या पेशीत नसतं, म्हणून गोवराचा विषाणू ते सोबत घेऊनच येतो. पोलिओला ते आणावं लागत नाही, आत आल्यावर बनवून घेतो.

शुद्धमती: मग ‘सुटी नक्कल’ आणि ‘सबंध नक्कल’ म्हणा की.

गावकरी: विकर कोण बोलतं हो? एन्झाइम म्हणा.

शुद्धमती: तुमच्यासारख्यांमुळेच मराठीची ही गत.

गावकरी: मग ‘विषाणू’ तरी कुठे धड आहे? ना विष, ना अणू.

सुईदोरा: लॅटिन ‘व्हायरस’चा अर्थही विषच. आपल्या ‘विष’शी त्याचं मूळ नातं आहे, त्यामुळे अर्धा शब्द तरी घरचाच.

भाषांतरवाली: अहो, धन-ऋणाचं काय?

गावकरी: रेबीजला मात्र आमचा शब्द चोख. कुत्रं पिसाळलं. पिसा म्हणजे वेडा, त्यावरून.

शुद्धमती: पिसाळणं ही कुत्र्याची अवस्था, रोगाचं नाव नव्हे. रोगाला ‘अलर्क’ म्हणतात.

गावकरी: अलर्क? आमच्या डॉक्टरांना विचारा, ते इंजेक्शन ठेवून शब्दकोश आणायला जातील.