तातडीने मदत हवी: मणक्याच्या संधिवाताची प्रश्नावली फ्रेंचमध्ये, 'स्टिफनेस'ला काय लिहू?

फ्रेंचवाली: सोमवारी द्यायचंय. सहाच प्रश्न, उत्तरं शून्य ते दहाच्या पट्टीवर. 'मॉर्निंग स्टिफनेस'ला 'रेदर' लिहिलं, तर एजन्सीने "पेशंटला कळेल असं लिहा" म्हणून परत पाठवलं. दोन दिवस तिथेच अडकलेय. फ्रेंच येणाऱ्यांनीच सांगा, प्लीज.

मॉन्ट्रियलकर: पेशंट कुठले? आमच्या क्वेबेकात मोज्यांना 'बा' म्हणतात, फ्रान्समध्ये 'शोसेत'. 'दिने' इथे दुपारचं जेवण, तिकडे रात्रीचं.

फ्रेंचवाली: यात मोजे नाहीत, जेवणही नाही! थकवा, मान-पाठ दुखणं, बाकीचे सांधे, दाबल्यावर दुखणं, आणि शेवटी स्टिफनेस दोनदा. फ्रान्ससाठी आहे.

आखडलेला: अगं, हा तर बासडाय, मणक्याच्या संधिवाताचा जोर मोजणारी प्रश्नावली! इंग्लंडमधल्या बाथला 1994 साली बनला. मोजे बासफीत आहेत, म्हणजे रोजची कामं किती जमतात ते विचारणाऱ्या दुसऱ्या प्रश्नावलीत. बासडायची फ्रेंच आवृत्ती आधीपासून आहे, एजन्सीने सांगितलं नाही का?

गुग्गुळप्रेमी: माझ्या मेव्हण्याला गुग्गुळ आणि भुजंगासनाने तीन महिन्यांत आराम पडला. पत्ता हवा असेल तर व्यनि करा.

आखडलेला: दादा, ती भाषांतर विचारतेय. आणि हा आजार असलेल्याला न तपासता आसनं सांगू नका.

पुणेरी_दुभाषी: 'देरुइयाज मातिनाल' लिही. शब्दशः सकाळचा गंज उतरवणं. फ्रान्समधले डॉक्टर हेच म्हणतात. मग दुसऱ्याकडून उलट इंग्रजी करून घे, जुळलं की झालं.

मॉन्ट्रियलकर: उलट भाषांतर जुळलं म्हणून पेशंटला कळलं असं होत नाही. 2000 साली 'स्पाइन' या वैद्यकीय नियतकालिकात आलेली प्रश्नावलींच्या भाषांतराची मार्गदर्शिका 30 ते 40 जणांवर चाचणी घ्या म्हणते.

पुणेरी_दुभाषी: सोमवारपर्यंत 30 जण कुठून आणायचे? तिला शब्द हवाय.

आखडलेला: शब्दाआधी गोष्ट समजून घे. मला बारा वर्षं झाली. सकाळी सरळ उठता येत नाही. आधी कुशीवर वळतो, पलंगाची कड धरतो, मग पाय खाली सोडतो. गरम पाण्याची बादली संपेपर्यंत पाठ फळीसारखी. हे दुखणं नाही, आखडणं आहे. 'दुलर' म्हणजे दुखणं लिहिलंस तर उत्तर वेगळंच येईल. पाचव्या-सहाव्या प्रश्नांची सरासरी काढून पहिल्या चारांत मिळवतात आणि पाचने भागतात. चार किंवा वर आलं की आजार जोरात आहे असं धरतात. इंजेक्शन सुरू करताना डॉक्टर हा आकडा बघतात.

फ्रेंचवाली: हे कुणीच सांगितलं नव्हतं. एजन्सीला आत्ताच मेल टाकलं: तयार आवृत्ती असताना नवी का, आणि हक्कधारकांची परवानगी घेतलीय का? उत्तर येईपर्यंत मसुदा पाठवत नाही.

पुणेरी_दुभाषी: बरोबर. पण 'देरुइयाज'चा विचार कर.

आखडलेला: आणि सहावा प्रश्न, आखडणं किती वेळ टिकतं तो, परत बघ. पट्टीच्या टोकाला 'दोन तास किंवा जास्त' आहे. त्यातलं 'किंवा जास्त' गाळू नकोस, माझ्या वाईट दिवसांची खूण तिथेच पडते.