ॲपमधले टक्के नेमके कशाचे?

बी-२०४, काकू: सर्वांना नमस्कार. डॉक्टरांनी वजन थोडे कमी करायला सांगितल्यापासून, म्हणजे गेले तीन आठवडे, मी रोजचे जेवण मोबाइलवरील ॲपमध्ये नोंदवत आहे. काल प्रथिने ४८ ग्रॅम, फॅट ६४ ग्रॅम आणि कर्बोदके २०८ ग्रॅम, अशी ३२० ग्रॅमची बेरीज झाली. ६४ म्हणजे ३२०चे २० टक्के होतात, तरीही ॲप फॅट ३६ टक्के दाखवते. चूक ॲपची आहे की माझी?

सी-५०१, ताई: काकू, तुमचे गणित बरोबर आहे, पण ॲपमधले टक्के वजनाचे नसून कॅलरींचे असतात. प्रथिने आणि कर्बोदके यांच्या प्रत्येक ग्रॅममधून साधारण ४ कॅलरी मिळतात, तर फॅटच्या ग्रॅममधून ९. त्यामुळे तुमच्या कालच्या कॅलरी अनुक्रमे १९२, ५७६ आणि ८३२, म्हणजे एकूण १६०० झाल्या आणि त्यांतील ५७६ म्हणजे ३६ टक्के.

ए-१०३, दादा: मग दुधाच्या पिशवीवरचे ६ टक्के फॅट कसे मोजायचे?

सी-५०१, ताई: ते वजनाचे टक्के आहेत. फुल क्रीम दुधाच्या १०० ग्रॅममध्ये ६ ग्रॅम फॅट, म्हणजे ५४ कॅलरी असतात आणि त्या दुधाच्या एकूण कॅलरी ९०च्या आसपास असतात. म्हणून तेच दूध ॲपमध्ये टाकले की फॅट ६० टक्क्यांच्या घरात दिसते. दोन्ही आकडे खरे आहेत.

बी-२०४, काकू: आता उलगडा झाला. पण प्रथिने १२ टक्केच दिसतात, ती वाढवायला हवीत ना?

सी-५०१, ताई: प्रथिनांच्या बाबतीत टक्क्यांआधी ग्रॅम पाहावेत, असे माझे ठाम मत आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२०च्या शिफारशींमध्ये निरोगी प्रौढांसाठी वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत. तुमचे वजन ५८ किलो धरले, तर ही गरज सुमारे ४८ ग्रॅम येते आणि ती काल भागली. मात्र वजन उतरवण्यासाठी उद्या तुम्ही १२०० कॅलरींवर आलात आणि प्रथिने १२ टक्केच ठेवलीत, तर ॲपमधले वर्तुळ जसेच्या तसे दिसेल, पण पोटात फक्त ३६ ग्रॅम प्रथिने जातील. तितक्या जेवणात ४८ ग्रॅम टिकवायचे तर वाटा १६ टक्के करावा लागतो, म्हणजे भात-पोळी थोडी कमी करून वरण, उसळ, दही यांचे प्रमाण वाढवावे लागते. याउलट, कालच्या जेवणातून १४ ग्रॅम तेल, म्हणजे जेमतेम एक मोठा चमचा, वगळले असते, तर एकही घास न वाढवता प्रथिनांचा वाटा १३ टक्के दिसला असता. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र प्रथिने डॉक्टरांना विचारूनच ठरवावीत.

ए-१०३, दादा: आमच्याकडे निफाडहून द्राक्षे आली आहेत. ॲप त्यांत कर्बोदके ९० टक्क्यांहून अधिक दाखवते, म्हणून आईने खाणेच सोडले.

सी-५०१, ताई: दादा, टक्के दिवसभराच्या जेवणाचे पाहावेत, एकेका पदार्थाचे नव्हे. १०० ग्रॅम द्राक्षांत साधारण ७० कॅलरी असतात. आईंना मधुमेह नसेल, तर वाटीभर द्राक्षे खुशाल खाऊ द्या.

ए-६०२, काका: रविवारच्या मिसळीची नोंद मी ‘एक प्लेट’ अशी करतो. ते योग्य आहे का?

सी-५०१, ताई: काका, तर्री किती वाढून घेतली, हे ॲपला कळत नाही आणि नेमके तेल तिच्यातच असते. बाहेरच्या मिसळीत तेल अंदाजाने वेगळे लिहावे. घरच्या तेलासाठी मात्र सोपा उपाय आहे. नवी पिशवी फोडताना तारीख लिहावी. एक लिटर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते, त्याला दिवसांनी आणि माणसांनी भागावे.

बी-२०४, काकू: आम्ही चौघे आहोत आणि पिशवी दहा दिवसांत संपते. म्हणजे माणशी रोज जवळपास २३ ग्रॅम झाले आणि मी ॲपमध्ये दोन छोटे चमचे लिहीत होते. आजपासून नोंद बदलते.