अनुभव धागा : दोघंच गेलो होतो, स्पा-बिपा असलेल्या हॉटेलात

मंगळवारपेठी :
लेक बाळंतपणाला आलीय. सकाळी मालिशवाल्या मावशी येतात आणि घरभर कोमट तिळाच्या तेलाचा वास. आज त्या वासानं एकदम पन्हाळ्याच्या वाटेवरचं ते हॉटेल आठवलं. लग्नाच्या वाढदिवसाला पोरांनी परस्पर बुकिंग केलेलं. हे आधी कुरकुरले, "गावात घर असताना हॉटेलात राहायचं? लोक काय म्हणतील?"

गेलो तर दोघांना दोन खोल्या! आयुर्वेदिक मालिश, बायकांना बाईच आणि पुरुषांना पुरुषच. पोरांनी कपल पॅकेजचे पैसे भरलेले. त्यात ती कागदी चड्डी. ह्यांनी तिथल्या पोराला विचारलं म्हणे, "तेल घाण्याचं की रिफाइंड?"

मग शिरोधारा. वर टांगलेल्या भांड्यातनं कपाळावर कोमट तेलाची बारीक धार, या भुवईकडनं त्या भुवईकडं. मला वाटलेलं वैताग येईल. पण जाऊबाईंशी झालेली कुरबूर, संपत आलेला सिलिंडर, सगळं कुठंतरी लांब गेलं. पलीकडनं ह्यांचं घोरणं ऐकू आलं तसं मीही डोळे मिटले. लगेच डोकं धुवायचं नाही म्हणाले, म्हणून फडकी बांधून तसेच जेवायला. आणि समोरच्या टेबलावर कोण? ह्यांचे चुलते, सहकुटुंब!

तुमचंही लिहा.

तांबडा_प्रेमी :
कागदी चड्डी 😂😂 आमच्यात ह्यावरनंच माघार घेतली एकानं. कोण ते विचारू नका, शेजारीच बसलाय.

जुना_पैलवान :
काकू, गंगावेशीत तालमीला असताना आम्ही एकमेकांचं अंग रगडायचो ते आठवलं. पैसे नाहीत आणि दयामायाही नाही. बायकोबरोबर स्पाला गेलो तेव्हा त्या पोराला म्हटलं, जरा जोर लाव की भावा. बिचारा घामाघूम. शेवटी म्हणतोय, सर, हे रिलॅक्सेशन आहे.

रंकाळा_सकाळी :
स्टीमची पेटी नाही सांगितली कुणी. लाकडी पेटीत आत बसायचं, मुंडकं तेवढं बाहेर. माझा नवरा आत, तोंड लालभडक, आणि तेवढ्यात ऑफिसचा फोन. मी कानाला धरून उभी. समोरच्याला वाटलं हा जिम करतोय.
आणि बीपी असेल तर आधी सांगा हं. आमच्याकडं विचारलंच नाही कुणी, मीच सांगितलं, मग वाफ कमी केली. पोटभर जेवूनही जाऊ नका.

पुण्यातली_माहेरवाशीण :
आम्ही जानेवारीच्या शेवटी जातो, म्हणजे 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारीचा कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सवही होतो, मावळतीची किरणं थेट देवीवर पडतात तो. एक दिवस पाय, मग कंबर, मग चेहरा. ढग आले की संपलं. नवरा देवळातल्या गर्दीत उभा राहून दमतो आणि मग मालिशला हो म्हणतो, नाहीतर नाही. ट्रिक आहे ही.

घाटावरचा :
पावसात पन्हाळ्यावर राहिलो होतो. धुकं इतकं की तीन दरवाजा दिसला तो हाताला लागल्यावर. स्पा बंद, लाईट गेलेली, जनरेटर "उद्या येतोय". पैसे परत मागितले तर कूपन दिलं. नाव घेत नाही. मग झुणका-भाकर खाल्ली, खोलीत पत्ते खेळलो. बायको म्हणाली, 1660 च्या जुलैत महाराज अशाच पावसात इथनं विशाळगडाला गेले आणि तुला गाडीपर्यंत जाववेना? खरं सांगू, तिथं जेवढं बोललो तेवढं घरी वर्षात बोलत नाही.

मंगळवारपेठी :
@घाटावरचा, कूपन वापरलं का पण?

घाटावरचा :
मुदत संपली. मेव्हण्याला देणार होतो, तेही राहिलं.

तांबडा_प्रेमी :
तांबडा रस्सा प्या दोन वाट्या, स्टीम बाथ फुकट. घाम, नाक, डोळे सगळं मोकळं.

रंकाळा_सकाळी :
ह्याचं प्रत्येक धाग्यावर तेच. काकू, मालिशवाल्या मावशींचा नंबर पाठवा मेसेजमध्ये, वहिनीला आठवा लागलाय.

जुना_पैलवान :
आणि तेल घाण्याचं होतं का, ते राहिलंच की.

मंगळवारपेठी :
त्या पोरानं हसून विषय बदलला म्हणे. तेव्हापासून हे दर महिन्याला लक्ष्मीपुरीत जाऊन तेल हुंगून आणतात.

तांबडा_प्रेमी :
कुठल्या दुकानातनं? आमच्याकडचं परवा कडवट निघालं, आईनं वाटीसकट परत पाठवलं.